गोष्ट कोणाची, पुस्तक कोणासाठी?

दरवर्षी बालदिनाच्या सुमारास मराठी बालसाहित्याच्या दुरवस्थेविषयी हळहळ व्यक्त करण्याची एक रीत पडून गेली आहे. मुले वाचत नाहीत, आधी दूरदर्शन आले, मग भ्रमणध्वनी आला, इंग्रजी शाळा आल्या आणि मुलांसाठी लिहिणारे चांगले लेखकही आता उरले नाहीत, असा या विलापाचा ठरलेला क्रम असतो. हा विलाप सोयीचा आहे. त्यात दोष मुलाला, यंत्राला नाहीतर लेखकाला देता येतो. प्रचलित व्यवहाराला मात्र कोठेही हात लावावा लागत नाही. वस्तुतः मराठीत मुलांसाठी लिहू इच्छिणाऱ्यांची वाण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक, ग्रामीण ग्रंथालये चालविणारे तरुण, वस्तीवर अभ्यासिका घेणारे कार्यकर्ते लिहीत आहेत. मुलांची गोष्टीची भूकही ओसरलेली नाही. तुटलेला आहे तो या दोहोंमधला रस्ता. तो कोठे तुटला आणि कोणी बांधावयाचा, हा प्रश्न जितका साहित्याचा आहे तितकाच राजकारणाचा आहे. आणि समाजवादी चळवळीने तो आजवर पुरेशा गांभीर्याने आपला मानलेला नाही.

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास लहान नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ साली निघाले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक काढले आणि तीन दशकांहून अधिक काळ ते जवळजवळ एकहाती चालविले. वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ १९०६ साली सुरू झाला. या माणसांच्या निष्ठेविषयी आदरच बाळगावयास हवा. परंतु हे वाङ्मय ज्या घरांत वाचले जात होते ती घरे मोजक्या जातींची आणि मोजक्या पेठांची होती, हेही तितकेच खरे. याच शतकात, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. म्हणजे शोषित समाजातील मुलीने स्वतः लेखणी उचलली तेव्हा तिच्यासारख्या मुलीला आपले म्हणून वाचता येईल असे एकही गोष्टीचे पुस्तक मराठीत नव्हते. लिहिता येणारे मूल आधी आले. त्याच्यासाठीचे पुस्तक यावयास फार उशीर झाला. तो उशीर अद्याप संपलेला नाही.

गुरुजींचा वारसा आणि बाजाराचा हिशेब

या परिस्थितीत साने गुरुजींचे वेगळेपण उठून दिसते. अमळनेरच्या वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. कोणासाठी लिहावयाचे हा प्रश्न त्यांना पडण्याचे कारण नव्हते. वाचणारी मुले शेजारच्या खोलीतच निजत असत. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली आणि १९३५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. कर्जाखाली पिचलेल्या कोकणातील घराची ती कहाणी आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो तेव्हा घरातल्या मुलाच्या मनाचे काय होते, हे मराठी मुलाने आपल्या भाषेत त्या पुस्तकात वाचले. खानदेशातील कामगार-शेतकऱ्यांत काम करणे, १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या प्रवेशासाठी प्राण पणाला लावणे आणि मुलांसाठी गोष्टी लिहिणे ही गुरुजींच्या लेखी वेगवेगळी कामे नव्हती. त्यांच्या मागून चळवळीत आलेल्यांनी मात्र पहिल्या दोन कामांना राजकारण म्हटले आणि तिसऱ्याला संस्कार म्हणून बाजूला बसविले.

गुरुजींचे निधन १९५० साली झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, या नियमाने २०१० च्या अखेरीस त्यांच्या पुस्तकांवरील हक्क संपला आणि ती कोणालाही छापण्यास मोकळी झाली. हे तत्त्वतः योग्यच आहे. थोर लेखकाचे साहित्य समाजाच्या मालकीचे व्हावे यावर समाजवाद्यांचा आक्षेप असण्याचे कारण नाही. पण बाजाराने या मुक्ततेचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. ज्या पुस्तकाला लेखकाचे मानधन द्यावे लागत नाही, ज्याचे नाव पालकांना आधीच ठाऊक आहे आणि जे बक्षीस समारंभात हमखास खपते, तेच पुन्हा पुन्हा छापले जाऊ लागले. इसापनीती, पंचतंत्र, बिरबल, तेनालीराम आणि थोरांची संक्षिप्त चरित्रे यांच्याच रांगा प्रदर्शनात दिसतात. जुन्याचा मोह एवढेच याचे कारण मानणे भोळेपणाचे ठरेल. नफ्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित लेखक तोच, जो हयात नाही आणि ज्याचा हक्कही उरलेला नाही. आज लिहिणाऱ्या लेखकाला या फुकट मालाशी स्पर्धा करावी लागते.

नव्या लेखकाची वाट

तालुक्याच्या गावातील एखाद्या शिक्षिकेने आपल्या वर्गातील मुलांना सांगत सांगत एक कादंबरिका रचली, असे समजू. ती प्रथम वृत्तपत्राच्या पुरवणीकडे एखादी कथा पाठविते. छापली तर आनंद. मानधनाची चौकशी करणे असभ्य समजले जाते. मग ती बाड घेऊन प्रकाशकाकडे जाते. प्रकाशक तिला सांगतो की मुलांचे पुस्तक चित्रांवाचून चालत नाही, चित्रे रंगीत हवीत, रंगीत छपाई महाग आणि नवख्या नावाला गिऱ्हाईक नाही. तेव्हा छपाईचा खर्च लेखिकेने उचलावा, अथवा दोनशे-तीनशे प्रती तिने स्वतः विकत घ्याव्यात. पूर्वी हजाराची आवृत्ती ही सर्वमान्य गोष्ट होती. आता पाचशे आणि त्याहूनही कमी प्रतींवर भागविले जाते. शिक्षिका वेतनातून पैसे भरते, प्रती नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना वाटते, प्रकाशन समारंभ होतो, आणि ज्या मुलांसाठी ते लिहिले त्यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचतच नाही. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो लेखक ठरतो आणि ज्याच्यापाशी नाहीत त्याचे बाड पेटीत राहते, असा हा उफराटा न्याय आहे.

प्रामाणिक प्रकाशकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. शंभर रुपये किमतीच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती विकल्या गेल्या आणि दहा टक्के दराने लेखकाला स्वामित्वधन दिले तर सगळे मिळून पाच हजार रुपये होतात. एवढ्यात लेखक जगू शकत नाही, हे उघड आहे. पण त्याच पाचशे प्रतींवर चित्रकार, मुद्रक, बांधणीकार आणि विक्रेता यांचाही भार असतो. चौरंगी छपाईचा आरंभीचा खर्च प्रती पाचशे असोत वा पाच हजार, फारसा बदलत नाही. म्हणून लहान आवृत्तीत प्रत्येक प्रत महाग पडते आणि महाग म्हणून ती लहानच राहते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा छापील पुस्तकाला त्यातून सूट मिळाली, याचा गवगवा बराच झाला. परंतु कागदावर आणि छपाईवर कर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो भरलेला कर प्रकाशकाला वळता करून घेता येत नाही. अखेर तो किमतीत मिसळतो आणि मजुराच्या मुलाच्या वाचनावर अप्रत्यक्षपणे आकारला जातो.

लेखकाच्या अज्ञानाचाही यात मोठा वाटा आहे. बहुसंख्य व्यवहार तोंडी होतात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी झाले तरच ग्राह्य ठरते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतर भारतापुरतेच राहते. आणि दिलेला हक्क एक वर्षात वापरलाच गेला नाही, तर करारात अन्यथा म्हटले नसल्यास तो लयाला जातो. श्रमिकाला किमान वेतनाचा कायदा ठाऊक असावा म्हणून कार्यकर्ते रात्रीच्या सभा घेतात. लेखणीने श्रम करणाऱ्यालाही आपला कायदा ठाऊक असावा, असे त्यांना वाटावयास हवे. चित्रकाराची स्थिती तर याहून वाईट आहे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा ठरतो. मुलांच्या पुस्तकात निम्मी गोष्ट चित्र सांगते; पण एकरकमी बिदागी हातावर ठेवली की चित्रकाराचा पुढील आवृत्त्यांशी संबंध संपतो.

गोष्टीत कोण राहते?

हा व्यवहार केवळ पैशाचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. कोणाचे पुस्तक निघते यावर गोष्टीत कोण राहते हे ठरत असते. विकत घेणाराच जर वाचक मानला, तर विकत घेणाऱ्याचे घर, त्याची सुट्टी, त्याची सहल आणि त्याचा वाढदिवस यांनीच पाने भरणार. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांनी मराठी मुलांच्या पिढ्यांना निखळ आनंद दिला. फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला बनेश फेणे धीट आहे, चौकस आहे, अन्यायाची चीड असलेला आहे. त्याला उणे लेखण्याचे काही कारण नाही. प्रश्न असा आहे की त्याच्या जोडीला इतर मुले किती आली?

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, आणि पट्टा पडेपर्यंत मुलेही फडात असतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीत धाकट्या भावाला सांभाळते, पाणी आणते, पहाटेच्या थंडीत आईबरोबर वाढे बांधते. या मुलीच्या आयुष्यात भीती आहे, साहस आहे, विनोद आहे, मैत्री आहे, चतुराई आहे. बालकादंबरीला लागणारे काय नाही? वीटभट्टीवरचा मुलगा, मासळी निवडणाऱ्या कोळणीची मुलगी, भिवंडीच्या यंत्रमागाशेजारी अभ्यास करणारा मुलगा, पाड्यावरून आश्रमशाळेत आणून सोडलेले आणि प्रमाण मराठीच्या पहिल्याच धड्याला अडखळलेले वारली मूल, यांना मराठी बालसाहित्यात फार तर दयेचे विषय म्हणून प्रवेश मिळतो. सुखवस्तू नायकाने आपला जुना सदरा द्यावा, एवढ्यापुरते ते गोष्टीत येतात आणि निघून जातात. स्वतःच्या गोष्टीत नायक होण्याचा अधिकार त्यांना नाही. आपल्यासारखे मूल पुस्तकात नसतेच, असे ज्या मुलाला लहानपणी कळते, ते मोठेपणी सभेत उठून बोलत नाही. चळवळीला कार्यकर्ते मिळत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी या मौनाचे मूळ शोधावे.

येथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. शोषितांच्या मुलांवर लिहावयाचे म्हणजे त्यांना व्यासपीठावरची भाषणे पाठ म्हणावयास लावणे नव्हे. डाव्या विचाराच्या लेखकांनी लिहिलेल्या पुष्कळ बालकथा याच खडकावर फुटल्या आहेत. त्यांतील शेतकरी सदैव सत्प्रवृत्त, सावकार सदैव ढेरपोट्या आणि मूल दहाव्या पानावर जाणते होऊन मोर्चात सामील! पुराणकथेच्या जागी घोषणा आली, उपदेश मात्र तोच राहिला. मुलाला उपदेशाचा वास लगेच येतो. त्याला पुढे काय झाले हे जाणून घ्यावयाचे असते. कोपीतल्या मुलीचे हरवलेले शेळीचे पिल्लू सापडले की नाही, या प्रश्नावर ज्या लेखकाची निष्ठा आहे, त्याच्या गोष्टीतून उचलीचे अर्थशास्त्र आपोआप कळते. अर्थशास्त्रासाठी पिल्लू हरविणाऱ्याच्या गोष्टीतून दोन्ही कळत नाहीत. अशी गोष्ट एका दमात साधत नाही. ती मुलांपुढे वाचून दाखवावी लागते, मुले कोठे चुळबुळ करतात ते पाहावे लागते, आणि पुन्हा लिहावी लागते. संपादकाचे हे काम मराठी बालप्रकाशनात जवळजवळ संपुष्टात आले आहे. जेथे लेखकच पैसे भरतो तेथे त्याचे बाड कोण परत करणार?

स्वस्त पुस्तक शक्य आहे

चांगले आणि स्वस्त पुस्तक ही एकाच वेळी न साधणारी गोष्ट आहे, असे बाजार सांगतो. अनुभव तसा नाही. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठीत अनुवादित रंगीत पुस्तके एके काळी महाराष्ट्रात अगदी नाममात्र किमतीला मिळत. लोकशाही समाजवाद्यांचे सोव्हिएत राज्यव्यवस्थेशी असलेले मतभेद सर्वविदित आहेत. तथापि कनिष्ठ मध्यमवर्गीय घरातल्या मुलाच्या हाती जगातील उत्तम चित्रे पडली ती या पुस्तकांमुळे, हे नाकारता येणार नाही. १९९१ मध्ये ते राज्य कोसळले आणि पुस्तकेही थांबली. यातून दोन बोध घेता येतात. खर्च समाजाने उचलला तर पुस्तक स्वस्त होते, हा पहिला. तो समाज आपला नसेल आणि निर्णय वरून होत असतील तर पुस्तक एका दिवसात बंद पडते, हा दुसरा.

आपल्याकडेही पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. खाजगी मालकीचा लोकप्रिय ‘चांदोबा’ बंद पडला. ‘किशोर’ टिकून आहे. ‘साधना’ साप्ताहिकाने २००८ पासून काढलेल्या बालकुमार दिवाळी अंकाच्या प्रती लाखांच्या घरात गेल्या, कारण तो अंक दुकानाची वाट न पाहता शाळांपर्यंत नेण्यात आला. मुले वाचत नाहीत, या सिद्धान्ताला याहून सरळ उत्तर कोणते असू शकते?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. २०१८ मध्ये आलेल्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेसाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. रक्कम अपुरी आहे. पण राज्यातील सगळ्या शाळांचा एकत्र विचार केला तर मराठी बालप्रकाशनाचे चित्र पालटण्यास ती समर्थ आहे. ही खरेदी शिक्षकांनी आणि मुलांनी पुस्तके पाहून, निवडून केली तर नव्या लेखकाला वाचक मिळेल. ती वरच्या वर ठरून गठ्ठ्यांनी आली तर फुकट हक्काचा तोच जुना माल कुलूपबंद कपाटात जाऊन पडेल. कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ पासून मांडला आहे. वाडीवरची शाळा गेली तर वाडीवरचे ग्रंथालयही जाईल, हेही या संदर्भात ध्यानात घेतले पाहिजे.

चळवळीचे काम

शासनाकडे मागणी करून चळवळीची जबाबदारी संपत नाही. दुसऱ्या राज्याने घालून दिलेला धडा येथे उपयोगी आहे. केरळात १९४५ साली लेखकांनीच कोट्टयमला साहित्य प्रवर्तक सहकारी संघ स्थापन केला आणि बाजारात कोणी देत नव्हते इतके, तीस टक्क्यांपर्यंत, स्वामित्वधन लेखकांना दिले. त्याच केरळात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शास्त्र साहित्य परिषदेने मुलांसाठी ‘युरेका’ मासिक काढले, आणि परिषदेचे कार्यकर्ते पुस्तकांच्या पिशव्या घेऊन घरोघर हिंडले. पुस्तकविक्री हे तेथे हलके काम मानले गेले नाही. साखरेपासून दुधापर्यंत सर्वत्र सहकार नांदविलेल्या महाराष्ट्राला मुलांच्या पुस्तकांची एक सहकारी संस्था का उभारता येऊ नये?

त्यासाठी लागणारी यंत्रणा चळवळीपाशी आहे. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखा आहेत, साने गुरुजी कथामालेची परंपरा आहे, तालुक्या-तालुक्यांत ग्रंथालये चालविणारे जुने सहकारी आहेत. आगाऊ वर्गणी गोळा करून दोन हजार प्रतींची हमी दिली तर छपाईचा दर उतरतो, लेखकाला पैसे भरावे लागत नाहीत आणि चित्रकाराशीही न्याय्य लेखी करार करता येतो. पहिल्या वर्षी पुस्तके चारच निघाली तरी हरकत नाही. पण त्यांतील प्रत्येक बाड किमान दहा शाळांतील मुलांपुढे वाचले गेलेले असावे, आणि त्यातले एक तरी, साखरशाळेतील असो वा आश्रमशाळेतील, मुलांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टींतून घडलेले असावे. पुस्तकाची शेवटची प्रत विकली गेली याला यश म्हणू नये. ऊसतोडीच्या टोळीबरोबर ते फडावर गेले, कोपीत मोठ्याने वाचले गेले आणि फाटेपर्यंत हाताळले गेले, याला यश म्हणावे.

येत्या २४ डिसेंबरला गुरुजींच्या प्रतिमेला ठिकठिकाणी हार घातले जातील आणि त्यांच्या मातृभक्तीवर भाषणे होतील. ज्या तालुका शाखांना याहून काही अधिक करावेसे वाटत असेल, त्यांनी त्या दिवशी आपल्या तालुक्यातील मुलांसाठी लिहिणारे दहा जण एकत्र बोलवावेत, त्यांची बाडे मुलांसमोर वाचून घ्यावीत आणि वर्गणीची वही उघडावी. नाशिकच्या तुरुंगात कागदावर उतरलेली गोष्ट पिढ्यान् पिढ्या पोहोचली, ती वाचणारी मुले लेखकाला आधीपासून ठाऊक होती म्हणून. आजच्या लेखकाला त्याची मुले भेटवून देणे, हे ज्यांचे घराघराशी नाते आहे अशा कार्यकर्त्यांनाच शक्य आहे.